पदरचे दोन शब्द

अशरफ सोलकर कागद वाचतो म्हणजे कसा वाचतो, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं, दोन शब्दच तर पदरचे घातले माणसाने.

कुवेतला राई नावाच्या भागात, मोटारींच्या शोरूमांच्या मागच्या गल्लीत, सोफे आणि लाकडी सामान बनवणारा एक कारखाना आहे. इथल्या लोकांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून जे लांबच लांब सोफे असतात ना, ते तिथे तयार होतात. अशरफ तिथला स्टोअरकीपर. वय अठ्ठावन्न, गाव दाभोळ, कुवेतमध्ये येऊन एकतीस वर्षं झाली. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं गिरवलेली, इंग्रजी दाभोळच्या हायस्कुलात झालेलं, आणि उरलेलं सगळं इथल्या सरकारी खिडक्यांसमोर रांगेत उभं राहून शिकलेला. त्यामुळे इकाम्याचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा कागद असो, बँकेचं पत्र असो नाहीतर कंपनीची नोटीस, खैतान भागातल्या त्याच्या जुन्या बिल्डिंगीत राहणारी सगळी कोकणी माणसं कागद घेऊन त्याच्याकडेच यायची.

आणि यायची ती शुक्रवारी. जुम्म्याची नमाज पढून अशरफ परत येईपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही, मग तो हिंदू असो की मुसलमान. तो आला की खाली वर्तमानपत्रं पसरायची, मच्छीचा रस्सा आणि भात व्हायचा, वर्तमानपत्रं गुंडाळली जायची आणि त्याच जागी कागद निघायचे. अशरफ चष्मा पुसायचा, ओळीखाली बोट धरायचा आणि मोठ्याने वाचायचा. आधी जसं लिहिलंय तसं, मग मराठीत. वरच्या तारखेपासून खालच्या शिक्क्यापर्यंत. कुणी म्हणालं, "भाई, मुद्द्याचं सांग ना," तर बोट तिथेच थांबायचं. "मुद्दा कुठला ते ठरवणारा मी कोन? तुझा कागद हाय. वाचनाऱ्यानं पदरचं घालायचं नाय, नि गाळायचं पन नाय." हे त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की पोरंसोरं त्याची नक्कल करायची.

गाळायचं नाही हा नियम एकदाच काय तो मोडला. तीन वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्यांना आरोग्य विम्याचं एक कार्ड दिलं आणि बरोबर चाळीस पानांचं पुस्तक. सरकारी विमा इकाम्याबरोबर असतोच, हा वरचा, खाजगी. फोरमनचा हुकूम असा की कामाच्या वेळेत काही झालं तर याच कार्डावर जायचं, नाहीतर सुट्टीची चिठ्ठी मान्य नाही. आता चाळीस पानं! त्या शुक्रवारी उकाड्याने जीव नकोसा झालेला, एसी बंद पडलेला. "भाई, थोडक्यात," म्हणून सगळ्यांनी गिल्ला केला आणि भाईंनी थोडक्यात सांगितलं.

थोडक्यात ते असं. आजाराच्या दोन जाती. एक इमर्जन्सी, म्हणजे जिवावर किंवा हातापायावर बेतलेलं. त्यात सरळ जवळचं कुठलंही हॉस्पिटल गाठायचं, कुणाला विचारायचं नाही. दुसरं अर्जंट. म्हणजे आजच्या आज डॉक्टरला दाखवायला हवं, पण जीव जात नाही. त्यात यादीतल्या दवाखान्यात जायचं, त्याच्या वेळेत जायचं. अर्जंट असून हॉस्पिटलात घुसलात तर बिल तुमचं तुम्ही भरायचं.

कागदावर किती सोपं आहे बघा! पण पोटात कळ आली की ती कुठल्या जातीची, हे कळेपर्यंत माणूस अर्धा झालेला असतो. पहिल्याच महिन्यात प्रीतम नावाचा पॉलिशवाला पोट धरून लोळायला लागला. अशरफ म्हणाला, "इमर्जन्सी हाय, न्या." नेला. निघाला गॅस. कार्डवाल्यांनी हात वर केले, बिल पगारातून कापलं गेलं आणि प्रीतम वर्षभर अशरफशी धड बोलला नाही. एवढ्या माणसांत मान खाली घालावी लागली, हे अशरफच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्याने स्वतःची तीन प्रश्नांची चाळण केली. चालता येतंय का? अख्खं वाक्य बोलता येतंय का? रक्त नाही ना कुठे? चालतोय, बोलतोय, रक्त नाही, तर अर्जंट. दवाखान्यात जा. आणि ती चाळण तीन वर्षं अगदी छान चालली, हेच वाईट झालं. माणूस एकदा बरोबर निघाला की दुसऱ्यांदा विचार करत नाही.

आता शत्रुघ्नचं सांगतो. शत्रुघ्न पांचाळ, सेहेचाळीस वर्षांचा, कारखान्यातला सगळ्यात जुना सुतार. गाव धोपावे. म्हणजे दाभोळच्या बरोबर समोर, मध्ये फक्त खाडी. फेरीबोटीत चढलं की दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. गावी असताना या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि इथे वीस वर्षं एका खोलीत, खाटेला खाट लावून. अशरफ त्याला "शत्रू" म्हणायचा. "ए शत्रू, चाय टाक." नवा माणूस दचकायचा. शत्रुघ्न सातवी शिकलेला, मराठी वाचायचा, पण इंग्रजी नि अरबीच्या नावाने शून्य. लाकडातलं मात्र त्याला असं कळायचं की फळीवरून नुसता हात फिरवून सांगायचा, ही पावसाळ्यात फुगेल. इथे कुठला आलाय पावसाळा! पण सवय गेली नव्हती. मुलगी विशाखा चिपळूणला कॉलेजात शिकत होती आणि बापाचा सगळा जीव तिच्यात.

तो जुलैतला मंगळवार होता. सलवा भागातल्या एका मोठ्या घराची ऑर्डर होती, बावीस मीटर सोफा, सागवानी चौकटी. सव्वाबाराच्या सुमाराला शत्रुघ्न स्टोअरच्या खिडकीपाशी आला. स्क्रू मागायला आला असेल म्हणून अशरफने डबा पुढे केला. शत्रुघ्नने डबा घेतला नाही. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. तोंडावर घाम होता, पण जुलैत कुणाच्या तोंडावर नसतो?

"भाई, हितं जरा दाबल्यासारखं होतंय," तो छातीवर पंजा ठेवून म्हणाला. "डाव्या खांद्यात पन वडतंय. ह्ये अर्जंट का इमर्जन्सी?"

असाच विचारायचा प्रघात पडला होता. दुखतंय, काय करू, असं कुणी म्हणायचंच नाही. जात विचारायची.

"चालता येतंय?" अशरफने विचारलं.

"चालतच आलो ना तुज्याकडं."

"बोलता तर येतंय."

"बोलतोय की."

"रक्त?"

"छ्या. सकाळी त्या तिघा हेल्परांनी चौकट धरली नाय नीट, माज्या अंगावर आली. त्यानं आखडलं आसंल. गॅस पन आसंल."

आता कोकणातला माणूस दुखणं कधी पुरतं सांगतो का हो? ताप चार असला तर म्हणतो, अंग जरा कोमट आहे. त्यातून इथे तर आजारी ठरणं म्हणजे परतीच्या तिकिटाची भीती. अशरफला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण चाळणीतून खाली पडलं ते पडलं.

"अर्जंट," अशरफ म्हणाला. घड्याळ पाहिलं. यादीतला दवाखाना एकला बंद व्हायचा तो चारला उघडायचा, आणि फोरमन जेवायच्या सुट्टीशिवाय गाडी देईना. "एकपर्यंत पोचनं कठीन हाय. चारला जाऊ, मी येतो. तवर हितं पड."

स्टोअरच्या मागे फोमच्या गाद्यांची चळत होती. तिच्यावर शत्रुघ्न आडवा झाला. अशरफने त्याला ओवा दिला, सोडा आणून दिला, पंख्याचं तोंड त्याच्याकडे फिरवलं. मध्ये एकदा शत्रुघ्न म्हणाला, "भाई, जबडा पन दुखतोय रे." अशरफ म्हणाला, "दात असंल. चार वाजू देत." अडीचला तो उठून ओकला. मुकेश नावाचा रंगारी पाणी प्यायला आला होता, तो म्हणाला, "भाई, हॉस्पिटलात नेऊया का?" अशरफच्या डोळ्यांसमोर प्रीतमचं तोंड उभं राहिलं. म्हणाला, "आता दीड तास तर ऱ्हायलाय."

हे 'दीड तास', हे 'चार वाजू देत' पुढे अशरफला रोज ऐकू यायचं, तेही स्वतःच्याच आवाजात.

चारला दवाखाना उघडला. डॉक्टरने छातीला वायर लावल्या, मशीनमधून पट्टी बाहेर आली, आणि ती हातात धरूनच तो टेबलामागून उठला. त्याने अशरफला काही विचारलं नाही, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. चार चाळीसला शत्रुघ्न हॉस्पिटलच्या दारातून आत गेला. हृदयाची नस बंद झाली होती. आत बारीक तार घालून नस उघडायचं काम चालू होतं आणि बाहेर बाकावर अशरफ बसला होता, खिशात ते विम्याचं पुस्तक. हाताला काहीतरी हवं म्हणून त्याने ते उघडलं.

इमर्जन्सीची व्याख्या एकोणिसाव्या पानाच्या तळाला होती. ती तिथे संपली असं त्याला तीन वर्षं वाटत होतं. त्याने पान उलटलं. विसाव्या पानावर तीच ओळ पुढे चालू होती. एखाद्या साध्या समजुतीच्या माणसाला त्या वेळी जिवाची भीती वाटावी अशी लक्षणं असतील, जसं की छातीत दाब, श्वास लागणे, अंग एका बाजूने लुळं पडणे, तर ती इमर्जन्सीच धरावी. मागाहून दुखणं किरकोळ निघालं तरी. म्हणजे निकाल काय लागतो त्यावर जात ठरायची नव्हतीच. दुखायला लागल्या क्षणी साध्या माणसाला काय वाटलं, त्यावर ठरायची. प्रीतमच्या पोटाचंसुद्धा भांडून मिळवता आलं असतं. अशरफने ती ओळ दोनदा वाचली, मग पुस्तक मिटलं आणि तिथेच, माणसांच्या येण्याजाण्यात, तो रडला.

शत्रुघ्न वाचला. खोलीतल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. पाचव्या दिवशी, रविवारी, त्याला सोडायचं ठरलं तेव्हा मिसरी, म्हणजे इजिप्तची, डॉक्टरीणबाई आली. तरुण होती, थकलेली होती. ती अरबीत बोलली, अशरफकडे पाहून, कारण खाटेवरच्या माणसाला अरबी येत नव्हतं.

ती म्हणाली, "हा तीन तास आधी आला असता तर हृदयाचा हा भाग वाचला असता. आता तो गेला, परत येणार नाही. याने जड काही उचलायचं नाही, कायमचं. उचललं तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. त्याला नीट समजावा."

शत्रुघ्न खाटेवरून अशरफच्या तोंडाकडे बघत होता. वीस वर्षं जसा बघायचा तसाच, कागदाकडे नाही, तोंडाकडे.

"काय म्हनतेय बाय?"

अशरफला पहिलं वाक्य उच्चारवेना. ते सोडून दुसरं धरावं, तर पहिल्याशिवाय दुसऱ्याला धड अर्थ नव्हता. कायमचं म्हटलं की हा विचारणार, का? म्हणून एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्याने केलं.

"जड उचलू नको म्हनतेय," तो म्हणाला. "काही दिवस."

"मंग बरंच हाय की," शत्रुघ्न म्हणाला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसला. डॉक्टरीणबाईला वाटलं, समजलं. तिनेही मान हलवली आणि गेली.

खोलीवर आल्यावर शत्रुघ्नने हॉस्पिटलचा कागद काढला. "ह्येचा फोटो काढून विशाखाला धाडतो. ती इंग्लिश वाचते."

"पोरीला कशाला घाबरवतोस? मी हाय ना," अशरफ म्हणाला, आणि कागद घडी करून आपल्या ट्रंकेत ठेवला. बघा, खोटं एकटं कधी राहत नाही. त्याला लगेच सोबत लागते.

पुढचे दिवस कसे गेले ते अशरफलाच माहीत. शत्रुघ्न खाटेवर बसून घरी फोन करायचा, "महिन्याभरात कामावर. बाय म्हनाली, काही दिवसच." बायको दर्शना फोन अशरफकडे द्यायला सांगायची. "भावजी, तुमी व्हतात म्हनून हे वाचले. गावदेवीपुढं नारळ ठेवला, तुमच्या नावाचा पन ठेवला." अशरफ म्हणायचा, "अगं, मी काय केलं." आणि तिला वाटायचं, किती साधा माणूस. मधल्या शुक्रवारी त्याने डोकं दुखतंय म्हणून कागद वाचलेच नाहीत. जेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

फोरमन मात्र थांबायला तयार नव्हता. सलवाचा सोफा अडकला होता, आणि सागवानाला हात लावायला शत्रुघ्नसारखा दुसरा नाही. दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी त्याने एक फॉर्म पाठवला. मी बरा आहे, रविवारपासून माझ्या नेहमीच्या कामावर हजर होतो, खाली सही. शत्रुघ्नने फॉर्म उशीखाली जपून ठेवला. "शुक्रवारी भाई वाचंल, मंग सही करतो," तो म्हणाला. एका चौकटीचं वजन साठ किलोच्या वर. ते अशरफ स्टोअरच्या वहीत रोज लिहीत होता.

त्या संध्याकाळी अशरफने दाभोळला फोन लावला. बायको बानू नेहमीपेक्षा खुशीत होती. "ऐकलंत का, काल दर्शना आली व्हती. भर पावसात, फेरीबोट हलतेय, तरी आली. आमसुलांची पिशवी घेऊन. म्हनली, भाभी, तुमच्या मानसानं माझं कुंकू राखलं. रडली बिचारी."

अशरफने तिला थांबवलं. मग त्याने सगळं सांगितलं. गाद्यांची चळत, ओवा, 'चार वाजू देत', विसावं पान, डॉक्टरीणबाईचं वाक्य, आणि 'काही दिवस'.

तिकडे चालू असलेला टीव्ही बानूने बंद केला.

"तुमी वाचनारे," ती म्हणाली. तिचा आवाज पार उतरला होता. "तुमाला वाक्य गिळता कसं आलं? उशीर झाला ती चूक झाली. मानूस चुकतो, अल्ला बघून घेईल. पन तो रविवारी लाकूड उचलनार हाय, नि तुमाला ठाव हाय. मंग ती चूक कशी? मी ती पिशवी घेतली हो तिच्या हातातून. मला काय ठाव कशाबद्दल घेतेय!" आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवार आला. अशरफ नमाजेहून परत आला, जेवणं झाली. अशरफच्या ताटातला भात तसाच होता. वर्तमानपत्रं उचलली आणि शत्रुघ्नने सगळ्यांच्या आधी आपला फॉर्म पुढे सरकवला. वर पेन ठेवलेलं होतं.

"आधी हा," अशरफ म्हणाला, आणि ट्रंकेतून हॉस्पिटलचा कागद काढला.

चष्मा पुसला. बोट पहिल्या ओळीखाली धरलं. नाव, वय, बतागा म्हणजे ओळखपत्राचा नंबर. सगळं वाचलं, आधी जसं लिहिलंय तसं, मग मराठीत. बोट खाली सरकत गेलं.

"छातीत दुखायला लागलं, सव्वाबारा. हॉस्पिटलात पोचला, चार चाळीस." त्याने पाण्याचा घोट घेतला. "उशिरा आल्यामुळे हृदयाच्या स्नायूचा पुढचा भाग निकामी. परत सुधारनार नाय. जड वजन उचलायचं नाय. कायमचं."

मुकेशने मान खाली घातली. प्रीतम भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला.

"परत वाच," शत्रुघ्न म्हणाला.

अशरफने परत वाचलं.

"त्यात 'काही दिवस' कुठं लिवलंय?"

"कुठं नाय," अशरफ म्हणाला. "ते माझं हाय. पदरचं." मग त्याने विम्याचं पुस्तक उघडलं, एकोणिसावं पान वाचलं, पान उलटलं आणि विसावंही वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. "त्या दिवशी ती इमर्जन्सीच व्हती, शत्रू. तू खिडकीशी आलास तवाच व्हती. मी तुला गाद्यांवर निजवला. डॉक्टरीणबाईनं ते सांगितलं, नि मी ते तुला सांगितलं नाय. मला लाज वाटली. घाबरलो मी."

शत्रुघ्नने पुढ्यातला फॉर्म उचलला, त्याच्याकडे पाहिलं, पेन बाजूला केलं. चिडेल, हात उगारेल असं सगळ्यांना वाटलं. तो हळूच बोलला, आणि ते जास्त लागलं.

"चार तासांचं मी धरत नाय. मीच म्हनलो चालतोय, मीच म्हनलो गॅस. माजी बी अक्कल गेली व्हती गवत खायला. पन भाई, बारा दिस मी घरी काय सांगत व्हतो? पोरीला म्हनलो, तुज्या शेवटच्या वर्षाची काळजी करू नको, बाप उभा हाय. बारा दिस तू ऐकत व्हतास. माज्या शेजारच्या खाटंवर बसून." त्याने फॉर्मची घडी केली. "मला ह्ये इंग्लिश-अरबी वाचता येत नाय म्हनून मी कागद बघत नाय, तुजं तोंड बघतो. त्यावर काय लिवलंय ते मी वीस वर्सं खरं धरलं."

अशरफने चष्मा काढला.

"मुकेश," शत्रुघ्नने हाक मारली. "ह्या कागदाचा फोटो काढ नि विशाखाला धाड. हितनं पुढं माजा कागद माजी पोर वाचंल."

मुकेशने फोटो काढला. अशरफने कागद सरळ धरून ठेवला होता, सावली पडू नये म्हणून.

त्या दिवशी बाकीच्या कुणी कागद काढले नाहीत. अशरफने एका पुठ्ठ्यावर, मराठीत, ठळक अक्षरांत विसाव्या पानावरची ओळ लिहिली आणि शनिवारी सुट्टी असूनही जाऊन ती स्टोअरच्या खिडकीत टांगली. खाली लिहिलं, 'जिवाची भीती वाटली तर मला विचारायला येऊ नका. आधी हॉस्पिटल गाठा.' ज्या माणसाचा सगळा मान लोक विचारायला येण्यात होता त्याने हे लिहिलं, एवढं लक्षात घ्या.

शत्रुघ्नने सही केली नाही. विशाखाने फोनवर काय म्हटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी त्याने गावी जायचं ठरवलं. कागदपत्रांत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत तो अशरफशी बोलायचा, नाही असं नाही. मीठ दे, पंखा लाव, एवढंच. चहा मात्र एकाच किटलीतला दोघे प्यायचे, कारण खोलीत किटली एकच होती.

जायच्या दिवशी दुपारी अशरफने सुट्टी टाकली. मुकेशची गाडी होती, पण हॉस्पिटलचे कागद, तिकीट, विमानतळावरची बोलाचाली, हे सगळं कोण करणार? शत्रुघ्न नको म्हणाला नाही, चल असंही म्हणाला नाही. गाडीत पुढे बसला. अशरफ मागे बसला, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. रंधा, पटाश्या, गुण्या, वीस वर्षांत मुठी झिजून गुळगुळीत झालेल्या. बाकीचं सामान मोठ्या बॅगेत, आणि बॅग चांगली तीस किलोची भरली होती. विशाखासाठी बदाम, दर्शनासाठी टॅंगचे डबे आणि कांबळं, गावच्या निम्म्या घरांसाठी काही ना काही.

विमानतळाच्या दारात मुकेशने डिकी उघडून बॅग उतरवली आणि पोलिसाने गाडी हलवायला हात केला म्हणून तो पुन्हा आत बसला. बॅग फुटपाथच्या कडेला उभी होती. ट्रॉली चार पावलांवर. जन्मभराची सवय, शत्रुघ्न वाकला आणि त्याने बॅगेच्या मुठीला हात घातला.

"शत्रू, नको," अशरफ म्हणाला.

शत्रुघ्न वाकलेलाच थांबला. मूठ सोडली नाही. मान वर करून त्याने अशरफच्या तोंडाकडे पाहिलं. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच असं नीट पाहिलं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

ऊन असं होतं की डोळे उघडे ठेववत नव्हते. अशरफने ते उघडे ठेवले.

"कायमचं," तो म्हणाला.

शत्रुघ्न तसाच बघत राहिला. मग त्याने मूठ सोडली, सरळ उभा राहिला आणि हत्यारांची पिशवी अशरफच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्याला लावली. ती तेवढी हलकी होती.

"मंग उचल," तो म्हणाला.

अशरफने बॅग उचलली.